गाव सोडले की गाव नावाला लागते
मराठी नावा-आडनावांचा एक आढावा

बारशाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात. बाळाचे वडील अंगठीने त्या तांदळांत नाव लिहितात, आत्या बाळाच्या कानाशी वाकून ‘कुर्र’ करते आणि मग ते नाव घरभर होते. बाळ मुलगी असेल, तर वीस-पंचवीस वर्षांनी अनेक घरांत असेच ताट पुन्हा येते. या वेळी अंगठी नवऱ्याच्या हातात असते. दोन्ही ताटांत लिहिले जाते ते पहिले नाव. आडनाव कुणी तांदळात लिहीत नाही, कारण ते घरात ठरवायचेच नसते. ते केव्हाच बाहेरून येऊन बसलेले असते.

मराठी नावा-आडनावांचा पसारा प्रचंड आहे. त्यात शिरताना हा एवढा फरक हाताशी धरला तर वाट सापडते. पहिले नाव घर देते, आडनाव जग देते. ‘आडनाव’ हा शब्दही तेच सांगतो. आडवाट म्हणजे मुख्य वाटेच्या बाजूची वाट, आडगाव म्हणजे हमरस्त्यापासून दूरचे गाव. तसे आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूला उभे राहिलेले नाव. कधीतरी कुणा परक्याने आपल्या पूर्वजाला काहीतरी विचारले: कुठले तुम्ही? काय करता? कोणाचे? किंवा काही न विचारता नुसते त्याच्याकडे पाहिले. त्याला जे कळले ते तोंडातोंडी रुळले, मग सनदेवर, सातबाऱ्यावर, शाळेच्या पटावर चढले आणि तिथेच थिजले. आपण आज सही करतो तेव्हा त्या जुन्या उत्तराखालीच सही करतो.

कुठले तुम्ही?

मराठी आडनाव म्हटले की पहिल्यांदा ‘कर’ आठवतो. गावाच्या नावाला ‘कर’ लागला की तिथला माणूस तयार होतो. मात्र पेणमध्ये राहणाऱ्याला शेजारी पेणकर म्हणत नाहीत, तिथे सगळेच पेणचे. पेण सोडून तो मुंबईला किंवा पुण्याला आला, की लोक त्याला पेणकर म्हणू लागतात. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव घराणे कुठे राहते ते सांगत नाही, कुठून निघाले ते सांगते. महाराष्ट्रात आणि गोव्यात या आडनावांची संख्या पाहिली, की आपल्या माणसांनी किती गावे सोडली असतील याचा अंदाज येतो. कुणी दुष्काळामुळे निघाले, कुणी चाकरीसाठी, कुणी देव वाचवण्यासाठी. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज अमलाच्या भयाने भाविकांनी मंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळला नेली. देवाच्या नावावरून ती जागा मंगेशी झाली आणि पुढे दीनानाथांनी त्या गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले. देवाने गाव बदलले, गावाने माणसाचे नाव बदलले.

माणूस गावावरून ओळखण्याची ही रीत फार जुनी आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांब कोरवून घेणाऱ्या दात्यांनी आपल्या नावासोबत ‘धेनुकाकटाचा’ असे गाव कोरवले आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याण आणि सोपारा ही गावे अशीच दात्यांच्या नावाला लागून येतात. दोन हजार वर्षांपूर्वीही घर सोडून आलेल्या माणसाला आपले गाव दगडात राहावेसे वाटले होते.

मर्ढेकरांचे मर्ढे साताऱ्याकडचे, तेंडुलकरांचे तेंडोली सिंधुदुर्गातले, माडगूळकरांचे माडगूळ माणदेशातले, पर्रीकरांचे पर्रा गोव्यातले. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजानेही हीच रीत उचलली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर ही त्यांची आडनावे. १९४८ नंतर त्यांतली बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि रायगड जिल्ह्यातली ती छोटी गावे भूमध्य समुद्राकाठच्या घरांच्या दारांवर जाऊन पोचली.

याचे सर्वांत मोठे उदाहरण शाळेच्या एका नोंदीत आहे. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे सकपाळ घराण्याचे मूळ गाव. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. गावावरून आलेले आडनाव आंबडवेकर, त्याचे आंबेडकर झाले. त्यामागे एका शिक्षकाचे प्रेम होते असे सांगितले जाते. पटावरच्या एका ओळीने घराण्याचे नाव बदलले आणि पुढे त्या नावाने कोट्यवधींची ओळख बदलली. ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

क्वचित चाक उलटेही फिरते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि त्या वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी झाले. गावावरून आलेल्या आडनावाने एक नवे गाव वसवले.

‘कर’ सगळीकडे सारखा चालत नाही. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यात मुनगंटीवार, कन्नमवार, वडेट्टीवार अशी आडनावे भेटतात. त्यांतला ‘वार’ तेलुगूतला आदरार्थी प्रत्यय आहे. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या १९५६ आणि १९६० साली, पण भाषा त्याआधीच एकमेकींच्या घरात राहायला गेल्या होत्या. आडनावांनी ते जपून ठेवले.

काय करता?

दुसरा प्रश्न कामाचा. जोशी, वैद्य, पुराणिक, सुतार, लोहार, कुंभार यांना फोड करून सांगावी लागत नाही. मराठी संतपरंपरेत गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही नावे कामासकटच उच्चारली जातात, कारण त्या काळी काम हीच गावातली ओळख होती.

हुद्द्यांवरून आलेल्या आडनावांत तर महाराष्ट्राची सगळी राज्यव्यवस्था साठवलेली आहे. पाटील, कुलकर्णी, चौगुले गावचे. देशमुख, देशपांडे परगण्याचे. नाणी पारखणारा पोतदार, हिशेब ठेवणारा मुजुमदार. मग ‘नीस’ची रांग. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे हिशेबाचे पान लिहिणारा फडणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, घडल्या गोष्टींची नोंद लिहिणारा वाकनीस.

या रांगेत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी हुद्द्यांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. दरबारात शब्द बदलले. घरांच्या दारांवर मात्र मुजुमदार आणि वाकनीस राहिलेच. आजही महाराष्ट्रात मुजुमदार भरपूर आहेत, अमात्य हे आडनाव शोधावे लागते. राज्य भाषा बदलू शकते, पण लोकांच्या तोंडात बसलेले नाव सहजी हलत नाही. आडनावाचे मोल इथे कळते. राज्याने पुसलेला थर ते जपते.

हुद्दा कधीकधी मूळ आडनावालाच गिळून टाकतो. नाना फडणवीस यांचे खरे नाव बाळाजी जनार्दन भानू. आज भानू म्हटले तर कुणाला पटकन ओळख पटणार नाही. महात्मा फुल्यांच्या घराण्याची कथा याहून बोलकी आहे. हे घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात आल्यावर पेशव्यांना फुले पुरवण्याचे काम मिळाले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. जोतीराव १८२७ साली जन्मले तेव्हा हे आडनाव जुने नव्हते, पण तेच आज इतिहासाचे एक पान आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे वाटणारे आडनाव एखाददोन पिढ्यांतही तयार होते, हे यावरून ध्यानात यावे.

हुद्द्याला जात नसते, निदान सगळ्या हुद्द्यांना तरी नाही. म्हणून पाटील मराठा आहेत, आगरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, लेवा आहेत. कोकणात देशमुख, चौगुले, खोत ही मुसलमान घराण्यांचीही आडनावे आहेत. धर्म बदलला तरी वतन गावातच होते आणि वतनाचे नाव घराबरोबर राहिले.

कोणाचे?

तिसरा प्रश्न कुळाचा. इथे पाऊल जपून टाकावे लागते. जाधवांचे नाते यादवांशी, शेलारांचे शिलाहारांशी, कदमांचे कदंबांशी, मोऱ्यांचे मौर्यांशी सांगतात. उच्चाराच्या वाटेने यातल्या काही जोड्या पटतात. ‘यादव’चे ‘जाधव’ होणे प्राकृताच्या नियमाला धरूनच आहे. पण शब्दाचा वंश सापडला म्हणून माणसाचा वंश सापडत नाही. राजाचे नाव त्याच्या सैनिकांनी, चाकरांनी, आश्रितांनीही लावले असणार. शिवाय मोरे हे मौर्यांवरून आले की मोरावरून, देवकावरून की एखाद्या गावावरून, हे एकट्या शब्दाकडे पाहून ठरत नाही. कुळांच्या बाबतीत एकाखाली एक असे थरही असतात. फलटणच्या निंबाळकरांचे कूळ पवारांचे, आडनाव निंबळक गावाचे आणि किताब नाईक.

‘कोणाचे’ या प्रश्नाला साधे उत्तर म्हणजे बापाचे नाव. जुन्या मराठी कागदांत ‘राणोजी बिन संताजी’ असे येते. हा ‘बिन’ अरबी. वलद, बिन, कोम हे शब्द गावच्या कागदांत मुरलेले आहेत. जुना सातबारा उघडा. त्यात बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ दिसेल. ते भ्रताराचे आद्याक्षर, म्हणजे अमक्याची बायको. शेत तिच्या नावावर असले, तरी ते एक अक्षर तिचा नवरा कोण ते सांगायला हजर असते.

परदेशी गेलेल्यांचे काय झाले, हेही याच वाटेवर येते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या माणसांची नोंद बंदरावरच्या कारकुनाने एकेरी नावाने किंवा बापाच्या नावाने केली आणि तीच नावे पुढे तिथल्या कुटुंबांची आडनावे झाली. दक्षिणेत तंजावरकडे गेलेल्या मराठी घराण्यांत मूळ आडनाव मागे पडले आणि ‘राव’ हेच ओळखीचे चिन्ह उरले. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

गोव्यात आणि वसईत ‘कोणाचे’ या प्रश्नाला सोळाव्या शतकात निराळेच उत्तर मिळाले. बाप्तिस्मा घेताना पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. अशी डिसोझा, फर्नांडिस, परेरा, डिमेलो ही पोर्तुगीज आडनावे इथल्या मातीत उतरली. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत आजही मराठीच्या बोली बोलल्या जातात. त्याच घरांतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आडनाव पोर्तुगीज, भाषा मराठी आणि दोन्ही तितकीच खरी.

कसे दिसता?

काही आडनावांसाठी कुणी काही विचारलेच नाही, नुसते पाहिले. काळे, गोरे, टकले, बोबडे, लहाने, थोरात. एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे. वाघमारे, लांडगे, कोल्हे. साखरे, तुपे, दहीभाते, कडू. इथे गाव आपल्या माणसांकडे किती बारकाईने बघत होते ते दिसते. घोरपड्यांची किल्ल्यावर चढलेल्या घोरपडीची आख्यायिका किंवा गायकवाडांची गाईची आणि कवाडाची आख्यायिका याच जातीची आहे. इतिहास म्हणून ती सिद्ध होत नाही, पण घराण्याला स्वतःविषयी काय सांगावेसे वाटले ते तिच्यातून कळते.

या आडनावांचे व्याकरण फार सुंदर आहे. एक काळा, पण त्याचे घर ‘काळे’. एक गोरा, पण घर ‘गोरे’. हे आदराचे आणि घराचे बहुवचन आहे. म्हणून आपल्या आज्या ‘काळ्यांचा वाडा’, ‘गोऱ्यांची सून’, ‘फडक्यांकडचं लग्न’ असे म्हणत. नाव जिवंत शब्दासारखे विभक्तीत वाकत होते. आता ‘गोरेंची सून’, ‘फडकेंकडे’ असे ऐकू येते, वर्तमानपत्रांतही तसेच छापले जाते. आडनाव आता शब्द राहिलेले नाही, ते शिक्का झाले आहे. शिक्क्याला विभक्ती लागत नाही. हा बदल कुणाच्या चुकीमुळे झालेला नाही. आधारकार्ड, पारपत्र, बँकेचे पुस्तक या सगळ्यांना नाव अक्षरन्‌अक्षर तेच हवे असते. तरी ‘काळ्यांकडे’ म्हणताना त्या आडनावातला माणूस अजून श्वास घेतो, असे मला वाटते आणि तो राहावा अशी माझी इच्छा आहे.

आणि कितीतरी आडनावांचा अर्थ लागतच नाही. आपटे, बापट, लिमये अशा आडनावांवर कुणी ठाम गोष्ट सांगू लागले, तर आधी पुरावा विचारावा. ध्वनी जुळला की अर्थ जुळला, हा भ्रम या विषयाला फार छळतो.

घराने दिलेले नाव

आता घराच्या आत येऊ. नाव ठेवण्याची एक वाट पंचांगातून जाते. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. हे झाले नावरस नाव, ते पत्रिकेत राहते. रोजचे नाव वेगळे. ते आजोबांचे, आजीचे, कुलदैवताचे, नदीचे: खंडेराव, जोतीबा, गोदावरी, कृष्णा. जोतीबाच्या जत्रेच्या दिवशी जन्मले म्हणून फुल्यांचे नाव जोती ठेवले गेले. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या आशीर्वादाची आठवण म्हणून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. मराठी घरांना ही नावे परकी वाटली नाहीत. पिराजी, हैबतराव, दौलतराव ही नावेही गावोगाव अशीच रुळली.

नाव ठेवले तरी ते हाकेत येईलच असे नाही. सासऱ्याचे नाव नातवाला ठेवले, तर सून ते उच्चारणार कसे? मग तो बाळ, बापू, नाना, तात्या व्हायचा. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, हाकेचे बाळ, आणि देशाने लक्षात ठेवले ते बाळ.

दुसरी वाट भीतीची. मुले जगत नसत, तेव्हा जगलेल्या मुलाला धोंडू, दगडू, केरू, भिकू म्हणत, म्हणजे दृष्ट लागू नये. अशा नावामागे आईची धास्ती असे. पण दलित घरांत तेच नाव दुसरेही ओझे वाही, कारण गाव त्यांना चांगल्या नावाने हाक मारायलाच तयार नसे. ‘बलुतं’कार दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या त्या आत्मकथनात दगडू आणि दया समोरासमोर बसून बोलतात. एका माणसाची दोन नावे एकमेकांना आपली हकीकत सांगतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पाळण्यात सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे येऊ लागली. ते शांतपणे केलेले बंड होते. शाळेच्या पटावर गुरुजींना ते नाव मोठ्याने वाचावे लागे.

भीतीहून वाईट वाट नकाराची. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की ‘नकुशी’. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलली गेली. त्यांतल्या अनेक मुलींनी आपले नवे नाव स्वतः निवडले, कारण घराने दिले होते ते नाव नव्हते, नापसंतीची नोंद होती. घर नेहमी मायेनेच नाव देते, असे म्हणण्याआधी नकुशी आठवावी.

दुसऱ्या ताटातले नाव

आता लग्नाच्या ताटाकडे परत येऊ. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. आपण ज्यांना आदराने नावाने ओळखतो, त्यांतल्या किती जणींना ते नाव नवऱ्याच्या घरी मिळाले होते! कायदा बाईला लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायची सक्ती करत नाही. सक्ती रिवाजाची असते आणि कचेरीच्या खिडकीपलीकडच्या ‘लग्नानंतरचं नाव?’ या प्रश्नाची.

मराठी मुलखात आईच्या नावाची खूण मात्र फार जुनी आहे. सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख एका आईने आपल्या मुलाच्या पराक्रमाबद्दल कोरवलेला लेख आहे. यातही एक बारकावा आहे. ‘गौतमी’, ‘वासिष्ठी’ ही गोत्रावरून आलेली नावे, म्हणजे बाईच्या माहेरची खूण. बलश्री हे तिचे स्वतःचे नाव लेखात आले, राजाच्या बिरुदात आले नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवला. या क्रमात आईचे स्वतःचे नाव येते. जुन्या सातबाऱ्यावरच्या ‘भ्र.’ कडून इथवर यायला आपल्याला बराच वेळ लागला.

‘पूर्ण नाव काय?’

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडे ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न बरेचदा निरागस नसतो. विचारणाऱ्याला जात हवी असते. पण वर पाहिलेली सगळी वाट काय सांगते? पाटील अनेक जातींत आहेत. पवार, जाधव, चव्हाण मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, दलितांत आहेत. देशमुख मुसलमानही आहेत. गोऱ्ह्यांचे फुले झाले, सकपाळांचे आंबेडकर झाले, भानूंचे फडणवीस झाले. जातीचा शोध घ्यायला आडनाव हे चुकीचे साधन आहे आणि त्या शोधाने शतकानुशतके घरभाडे, नोकरी, पंगत, मैत्री यांत माणसे दुखावली आहेत. काही तरुण आज आडनाव सोडून आई-वडिलांची नावे लावतात, काही राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलतात. ज्यांना ते ओझे झाले, त्यांनी ते उतरवणे रास्तच आहे. शिक्का होण्याआधी आडनावे बदलतच होती.

ज्यांना ते ठेवायचे आहे, त्यांनी मात्र त्याची गोष्ट विचारून ठेवावी. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे बसा. आपले गाव कोणते, ते कधी सुटले, का सुटले, आधी काय आडनाव लावत, हे लिहून घ्या. मोडीतला एखादा कागद ट्रंकेत असेल तर वाचणारा गाठा. ही माहिती एका पिढीबरोबर निघून जाते आणि मग उरतात त्या ऐकीव आख्यायिका.

आणि परक्याची ओळख करून घ्यायची असेल, तर तो पहिला, जुना प्रश्न विचारावा. एसटीत शेजारी बसलेली म्हातारी आजही विचारते, ‘कुठलं तुम्ही?’ आपण गाव सांगतो. ती क्षणभर विचार करते आणि म्हणते, ‘म्हणजे आमच्या धाकट्या जावेच्या माहेराजवळचं.’ तिला आपली जात नको असते, नाते हवे असते. आपल्या नावातला ‘कर’ याच प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.